‘बाबा, तुम्हाला कसं माहीत?’

‘ताई, माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत तिला पाच मिनिटं बोलायचंय आणि विषय तिने स्वतःच निवडलाय : बर्म्युडा ट्रँगल. मागच्या आठवड्यात तिची वही चाळली. जहाजं गिळणारा समुद्र, वेडी होणारी होकायंत्रं, पाण्याखाली बुडालेलं शहर, परग्रहावरचे लोक! माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर विज्ञान, विज्ञान करत आलेला माणूस मी. लाल पेनाने समासात तीन ठिकाणी ‘बकवास’ लिहिलं. तिने ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, ‘बाबा, तुम्हाला कसं माहीत?’ मी म्हणालो, ‘सगळ्यांना माहीत आहे.’ त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. बायको म्हणते, पाच मिनिटांचं भाषण, सोडून द्या. पण घरात अंधश्रद्धा उगवताना दिसत असताना गप्प बसायचं का? – एक बाबा’

बाबा,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडला तो लेकीचा प्रश्न, आणि सगळ्यात खटकलं ते तुमचं उत्तर. ‘सगळ्यांना माहीत आहे.’ अहो, ट्रँगल जहाजं गिळतो हेसुद्धा एके काळी सगळ्यांना माहीतच होतं. १९६४ साली व्हिन्सेंट गॅडिस यांनी एका अमेरिकन मासिकात हे नाव पहिल्यांदा छापलं, १९७४ साली चार्ल्स बर्लिट्झ यांचं पुस्तक धडाक्याने खपलं, आणि पुढची काही वर्षं जगभर हे ‘माहीत असलेल्या’ माणसांची काही कमी नव्हती.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. मायामी, बर्म्युडा आणि पोर्टो रिको या तीन टोकांमधल्या समुद्रात काही अमानवी घडतं याला पुरावा नाही. अमेरिकेचं तटरक्षक दल तेच म्हणतं. लंडनचं लॉइड्स, म्हणजे जहाजांचा विमा उतरवणारी बाजारपेठ, जहाज तरतं की बुडतं यावर ज्यांचा पैसा अवलंबून, त्यांनाही तिथे इतर समुद्रांपेक्षा जास्त धोका दिसला नाही. पण यातलं एक अक्षरही तुम्ही तिला सांगितलं नाहीत. तुमच्याकडे फक्त निकाल होता, खटला तुम्ही वाचलेलाच नव्हता. तिचा विश्वास ऐकीव, तुमचा अविश्वासही ऐकीव. फरक इतकाच की लाल पेन तुमच्या हातात होतं.

मी तुम्हाला हसत नाहीये, कारण हेच मी स्वतः कितीतरी वर्षं केलंय. चारचौघांत ट्रँगलचा विषय निघाला की मी ऐटीत सांगायचे, ‘अहो, समुद्राच्या तळाशी मिथेन वायू साठलेला असतो, तो एकदम वर येतो, पाण्याची घनता कमी होते आणि जहाज दगडासारखं खाली जातं. साधं विज्ञान आहे!’ लोक माना डोलवायचे. मग एकदा एका मुलाने विचारलं, ‘तिथे असं कधी झालं होतं?’ आणि मी गप्प. घरी येऊन शोधलं तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने स्पष्ट म्हटलेलं : त्या भागात गेल्या १५,००० वर्षांत मिथेनचा असा मोठा उद्रेक झाल्याच्या खुणा नाहीत. परग्रहवाल्यांच्या जागी मी वायू आणून बसवला होता, एवढंच. भाषा विज्ञानाची होती म्हणून कुणी हटकलं नाही.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं : गप्प बसू नका, पण ‘बकवास’ही लिहू नका. तिच्याबरोबर बसून तपासा. आणि तपासणं म्हणजे काय, हे दाखवायला या विषयाइतका चांगला विषय मिळणार नाही. पोरीने निवड उत्तम केली आहे.

लॅरी कुशे नावाचे एक ग्रंथपाल अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थी येऊन ट्रँगलबद्दल माहिती मागायचे. हा गृहस्थ काय करायला लागला, तर गोष्टीत सांगितलेल्या तारखेची जुनी वर्तमानपत्रं काढायची, हवामानाच्या नोंदी मागवायच्या, चौकशी समित्यांचे अहवाल वाचायचे, पत्रं लिहून विचारायचं. बाकी काही नाही. ना पाणबुडी, ना उपग्रह. टेबलापाशी बसून केलेलं हे काम. आणि त्यातून निघालं काय? ‘शांत समुद्रात’ गेलेली जहाजं त्या दिवशी वादळात होती. ‘फ्रेया’ नावाचं एक जहाज १९०२ साली ट्रँगलमध्ये बेवारस सापडल्याचं सांगत असत. ते सापडलं होतं प्रशांत महासागरात, मेक्सिकोच्या दुसऱ्या बाजूला. महासागरच चुकला होता! आणि एकाने लिहिलं ते दुसऱ्याने उतरवलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, थोडं मीठमसाला लावून. १९७५ साली त्यांनी हे सगळं छापलं. अर्थात बर्लिट्झ यांच्या मानाने कुशे यांना वाचकही कमीच मिळाले.

आता एक प्रकरण जरा जवळून बघा. तुमच्या लेकीच्या वहीत ते असणारच, कारण ट्रँगलच्या प्रत्येक यादीत ते पहिलं असतं. ५ डिसेंबर १९४५. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथून दुपारी दोन वाजून गेल्यावर नौदलाची पाच अ‍ॅव्हेंजर विमानं सरावाला उडाली. या तुकडीचं नाव फ्लाइट १९. एकूण १४ जण. पूर्वेकडे बहामाच्या दिशेने जायचं, सरावाचे बॉम्ब टाकायचे, उत्तरेला वळायचं आणि मग घरी यायचं. नेता लेफ्टनंट चार्ल्स टेलर, युद्ध पाहिलेला माणूस. बाकीचे वैमानिक शिकाऊ. पावणेचारच्या सुमारास टेलरचा आवाज रेडिओवर ऐकू आला. त्याची दोन्ही होकायंत्रं चालत नव्हती आणि त्याला खात्री होती, की आपण फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर, म्हणजे ‘कीज’वर आहोत. आधी तो मायामीला होता, ती बेटं त्याच्या पायाखालची. बहुधा खाली दिसत होती बहामाची बेटं, पण वरून ती तशीच दिसतात.

इथे नकाशा उघडा, खरंच उघडा. कीजवर असाल तर घर उत्तर-पूर्वेला. बहामावर असाल तर घर पश्चिमेला, आणि उत्तर-पूर्वेला नुसता अटलांटिक. टेलर चुकीच्या बेटांवरून बरोबर हिशेब करत होता. शिकाऊ पोरांपैकी एकजण वैतागून म्हणाल्याचं रेडिओवर ऐकलं गेलं, की नुसतं पश्चिमेला गेलो तरी घरी पोहोचू. पण नेत्याला सोडून जायचं नाही, ही शिस्त. अंधार पडला, हवा बिघडली, समुद्र खवळला. सातनंतर आवाज येईनासा झाला, आणि इंधन साधारण आठपर्यंत पुरणारं होतं. (ज्येष्ठाला खात्री आणि धाकट्यांना शंका, ही गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय असं समजू नका. बरं, समजा हवं तर.)

त्यांना शोधायला गेलेलं मरीनर विमान १३ जणांसह ‘गायब’ झालं, हा या गोष्टीचा दुसरा अंक. ते उडालं ७ वाजून २७ मिनिटांनी. ७ वाजून ५० मिनिटांनी जवळून जाणाऱ्या ‘गेन्स मिल्स’ या तेलवाहू जहाजाने आकाशात ज्वाळा पाहिल्या आणि नंतर पाण्यावर तेलाचा तवंग. मरीनर विमानांच्या आत इंधनाची वाफ साचायची, म्हणून वैमानिक त्यांना उडत्या पेट्रोलच्या टाक्या म्हणत. पहिला अंक सगळे रंगवून सांगतात. तेलवाहू जहाजाचं नाव सहसा गाळतात.

आणि यातली सगळ्यात माणसाची गोष्ट तर कुठल्याच व्हिडिओत नसते. नौदलाच्या चौकशीने आधी दोष टेलरवर ठेवला होता. त्याच्या आईला ते मान्य नव्हतं. मुलगा परत आला नाही, विमान सापडलं नाही, आणि वर १३ जणांच्या मृत्यूचा ठपका? ती भांडली. १९४७ साली नौदलाने अहवाल बदलला आणि कारणाच्या जागी लिहिलं : ‘कारण अज्ञात’. पुढे गूढवाल्यांनी हेच दोन शब्द झेंड्यासारखे मिरवले, ‘बघा, नौदलालाही कळलं नाही!’ एका आईच्या दुःखाला नौदलाने दिलेला मान होता तो. तुमच्या लेकीला हे सांगा. भाषणात परग्रहवाले आले तर वर्ग ऐकेलच, पण या आईची गोष्ट आली तर जास्त ऐकेल.

शब्दांकडेही तिचं लक्ष वेधा. मराठीत ‘गायब’ आणि ‘बेपत्ता’ असे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. गायब झालं म्हटलं, की वस्तूने काहीतरी केलं. बेपत्ता म्हटलं, की आपल्याला पत्ता लागला नाही. जहाजाला पत्ता असतोच, कुठल्यातरी अक्षांश-रेखांशावर, तीन-चार हजार मीटर खाली, चिखलात. तिच्या वहीत जिथे जिथे ‘गायब’ आहे तिथे ‘बेपत्ता’ लिहून वाचून बघायला सांगा. निम्मी भुतं तिथेच उतरतात.

‘मेरी सेलेस्ट’ही तिच्या यादीत असेल. माणसं नाहीशी झालेलं शिडाचं जहाज, टेबलावर वाफाळता चहा, अर्धवट खाल्लेली न्याहारी, होड्या जागच्या जागी. चहा कधी नव्हताच. ४ डिसेंबर १८७२ ला अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्यामधे हे जहाज सापडलं (ट्रँगलपासून हजारो किलोमीटर लांब, तरी यादीत असतंच). रोजनिशीतली शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, म्हणजे नऊ दिवस जुनी. कुठला चहा नऊ दिवस वाफाळतो? जहाजावरची होडी नव्हती, दिशा पाहण्याची साधनं नव्हती, कागदपत्रं नव्हती. तळात साडेतीन फूट पाणी आणि १,७०१ पिंपं अल्कोहोल. कप्तान, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी घाईने होडीत उतरले आणि पुन्हा जहाज गाठू शकले नाहीत, असंच दिसतं. स्फोटाची भीती वाटली, की जहाज बुडतंय असं वाटलं, हे पक्कं कुणी सांगू शकत नाही. मग होड्या जागच्या जागी असल्याची गोष्ट आली कुठून? १८८४ साली आर्थर कॉनन डॉयल या तरुण डॉक्टरने या प्रकरणावर एक कथा लिहिली. कथेत जहाजाचं नाव किंचित बदललेलं आणि होड्या शाबूत. कथा छान होती, लोकांनी ती बातमीसारखी लक्षात ठेवली. खोटं बोलणारा यात कुणीच नाही, हे मला फार मजेशीर वाटतं.

आता तुमच्यासाठी जरा कडू. अविश्वास दाखवणाऱ्यांची बाजू नेहमी बरोबर निघते, असं मुळीच नाही. खलाशी शेकडो वर्षं सांगत आले, की भर समुद्रात अचानक एकच लाट उठते, बाकीच्यांच्या दुप्पट, भिंतीसारखी उभी. १८२६ साली फ्रेंच दर्यावर्दी द्यूमाँ द्युर्व्हील यांनी ३० मीटरहून उंच लाटा पाहिल्याचं सांगितलं, तर फ्रान्सच्या नामांकित शास्त्रज्ञाने, आरागोने, त्यांची टर उडवली. इतक्या उंच लाटा हिशेबात बसत नव्हत्या, म्हणून खलाशी अतिशयोक्ती करतात. हे असंच चाललं १ जानेवारी १९९५ पर्यंत. त्या दिवशी नॉर्वेजवळच्या समुद्रात ड्राउप्नर नावाच्या वायूच्या फलाटावरच्या यंत्राने एक लाट मोजली : २५.६ मीटर. आजूबाजूच्या मोठ्या लाटा १२ मीटरच्या घरातल्या. खलाशांच्या शब्दावर न बसलेला विश्वास यंत्राच्या रेघेवर बसला. तोवर किती जणांना आपल्या लोकांनी ‘बकवास’ म्हटलं असेल, मोजायची सोय नाही.

म्हणून ‘असं होऊच शकत नाही’ हे वाक्य तिच्यासमोर जपून वापरा. ‘असं झालं होतं का?’ हे विचारा.

आणि गूढावरचा विश्वास निरुपद्रवी असतो, असं तुमच्या बायकोचं म्हणणं दिसतं. त्यावरही माझं थोडं वेगळं मत आहे. १९८० च्या सप्टेंबरमध्ये ‘डर्बीशायर’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज जपानजवळ वादळात ४४ जणांसह बुडालं. जवळजवळ ३०० मीटर लांबीचं जहाज, आणि मदतीची एक हाकही नाही. गूढ म्हणून शिक्का मारायला किती सोयीचं! अधिकृत चौकशीने १९८९ साली निसर्गापुढे जहाजाचं काही चाललं नसावं, असा निष्कर्ष काढला. गेलेल्या माणसांच्या घरच्यांनी तो मानला नाही. निसर्गाने बुडवलं हे खरं असेल, पण कुठून पाणी शिरलं, कुठली झाकणं कमी पडली, ते सांगा. वर्षानुवर्षं भांडल्यावर १९९४ साली चार किलोमीटर खोल सांगाडा सापडला. पुढे हजारो छायाचित्रं काढली गेली. मध्येच खलाशांनीच एक झाकण नीट बंद केलं नव्हतं, असंही सुचवण्यात आलं. २००० सालच्या अंतिम अहवालाने खलाशांवरचा तो ठपका पुसला : पुढच्या भागातल्या हवेच्या नळ्या लाटांनी तुटल्या, पाणी शिरत गेलं, नाक खाली गेलं आणि मालाच्या कप्प्यांची झाकणं लाटांच्या माऱ्याखाली फुटली. २० वर्षं लागली. त्या घरच्यांनी ‘समुद्राचं गूढ’ म्हणून हात जोडले असते, तर झाकणं किती मजबूत हवीत हा प्रश्न कुणी विचारला नसता.

खुद्द ट्रँगलमधलं ताजं उदाहरण हवं असेल तर ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज घ्या. १ ऑक्टोबर २०१५, जॅक्सनव्हिल ते सान हुआन, वाटेत बहामाजवळ ‘होआकिन’ चक्रीवादळ. ३३ जण गेले, कुणी वाचलं नाही. हे १९२५ साली झालं असतं तर यादीत पहिल्या पाचात असतं. पण ४,६०० मीटर खोलीवरून त्याची ध्वनिफीत वर आणली गेली, २६ तासांची. त्यात ऐकू येतं, की कप्तान पाहत होता ती वादळाची माहिती कित्येक तास शिळी होती, हाताखालचे अधिकारी मार्ग बदलू या म्हणत होते, ४० वर्षं जुन्या जहाजाची यंत्रं ऐन वेळी बंद पडली. ऐकवत नाही, पण यात गूढ काही नाही, आणि म्हणूनच ट्रँगलच्या व्हिडिओंत हे जहाज तुम्हाला फारसं दिसणार नाही.

तेव्हा करायचं काय. आधी माफी. ‘मी न वाचता लिहिलं, चुकलं’, एवढंच. त्याला ‘पण’ जोडू नका. वहीतलं लाल खोडू नका, ते तसंच राहू दे. मग तिला म्हणा, यातलं कुठलंही एक प्रकरण निवड, आपण दोघं तपासू. निवड तिची. तुम्ही उत्तर आधी शोधून ठेवायचं नाही; तुमच्यासारख्यांना तो मोह होतो, मला माहीत आहे, मलाही होतो. नेमकी जागा कुठली, त्या दिवशी हवा कशी होती, जहाजात काय भरलं होतं, हे सांगणारा पहिला माणूस कोण आणि त्याने ते कधी सांगितलं, एवढं विचारत गेलात तरी आठवडा सहज जाईल.

तिने भाषणात गूढ ठेवलं तरी ठेवू द्या. भीती वाटून घेण्यात मजा असते आणि आठवीतल्या मुलीने ती का सोडावी? तिने पहिली चार मिनिटं जहाजं गिळायला लावावीत आणि शेवटच्या मिनिटात नकाशा काढावा, असं मला वाटतं. पण ते तिचं भाषण आहे, माझं नाही, तुमचंही नाही.

आणि एखादं उत्तर सापडणार नाही, याची तयारी तुम्ही ठेवा, तिच्याआधी तुम्ही. ‘सायक्लॉप्स’ घ्या. अमेरिकन नौदलाचं अजस्र कोळसावाहू जहाज, १९१८ च्या मार्चमध्ये बार्बाडोसहून बाल्टिमोरला निघालं आणि पोहोचलंच नाही. ३०० हून अधिक माणसं. पोटात मँगनीजचं जड खनिज, दोन इंजिनांपैकी एक बिघडलेलं. त्याच बांधणीची त्याची दोन भावंडं, ‘प्रोटियस’ आणि ‘नेरियस’, १९४१ च्या अखेरीस तसाच जड माल घेऊन याच अटलांटिकमध्ये बेपत्ता झाली. म्हणजे शंका कुणावर घ्यायची ते कळतं : बांधणीवर, ओझ्यावर. पण सांगाडा आजवर कुणाला सापडलेला नाही, त्यामुळे पक्कं काही म्हणता येत नाही. तुमची लेक विचारेल, ‘मग काय झालं असेल, बाबा?’ तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणून बघा. आठ दिवसांपूर्वी हेच म्हणायचं होतं.

तिने हेच जहाज निवडलं तर नकाशा मोठा घ्या. बार्बाडोस ते बाल्टिमोर वहीच्या एका पानावर मावत नाही.